निवळ पाण्याचा हिशेब : प्रवाळ-मत्स्यालयातील फॉस्फेट आणि शेवाळ यांचा इतिहास

खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ, त्यांच्या सोबतीचे मासे, शंख आणि खडक एकत्र सांभाळण्याच्या व्यवस्थेला प्रवाळ-मत्स्यालय म्हणतात. ही व्यवस्था जेथे जेथे उभी राहिली, तेथे तेथे तिच्या पालकांना एकाच उपद्रवाला तोंड द्यावे लागले : काही आठवड्यांत काचेवर हिरवट-तपकिरी थर चढतो, खडकांवर केसांसारखे लांब तंतू उगवतात, वाळूवर लालसर साय धरते आणि शेवटी प्रवाळ त्याखाली गुदमरून मरतात. हे शेवाळ कशामुळे माजते, या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत दिली गेलेली उत्तरे एकसारखी नाहीत. कोणी प्रकाशाला दोष दिला, कोणी कुजणाऱ्या पानांना, कोणी नायट्रेटला आणि अखेरीस बहुतेकांनी फॉस्फेटला. प्रत्येक उत्तराबरोबर टाकीची रचना बदलली, उपकरणे बदलली आणि पालकाची दिनचर्याही बदलली. हा इतिहास हौशी लोकांच्या छंदाचा असला, तरी समुद्रविज्ञान, सरोवरांचा अभ्यास आणि पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण या तिन्ही शास्त्रांच्या इतिहासाशी तो गुंतलेला आहे.

फॉस्फेट म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून बनलेला क्षार. नत्र, स्फुरद आणि पालाश ही खतांची त्रयी महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. त्यांतील स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पेशींचे आवरण, आनुवंशिक द्रव्य आणि शरीरातील ऊर्जेची देवघेव या तिन्हींना तो लागतो, त्यामुळे कोणताही जीव त्याच्यावाचून जगू शकत नाही. शेतात जे खत ठरते, ते पाण्यातही खतच ठरते; फरक एवढाच, की निरोगी प्रवाळखडकांभोवतीच्या समुद्रात या खताचा जवळजवळ दुष्काळ असतो. तेथील पृष्ठभागाच्या पाण्यात फॉस्फेटचे प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी आढळते. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम. इतक्या निकस पाण्यात प्रवाळांची भरगच्च वसाहत कशी नांदते, हे कोडे निसर्गशास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडले होते. त्याचे उत्तर प्रवाळाच्या देहातच दडलेले आहे : झूझँथेली या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म एकपेशीय शैवाल प्रवाळाच्या पेशींत वस्ती करते, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानाला देते आणि यजमानाच्या उत्सर्गातले नत्र व स्फुरद स्वतःसाठी घेते. पोषणद्रव्याचा कण या घरातल्या घरात फिरत राहतो आणि सहसा बाहेर सांडत नाही.

टाकीत मात्र हा काटकसरीचा संसार मोडतो. मत्स्यखाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो असे धरले, तर एक ग्रॅम कोरड्या खाद्यातून दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजेच सुमारे तीस मिलिग्रॅम फॉस्फेट पाण्यात येऊ शकते. दोनशे लिटरच्या टाकीत ते मिसळले, तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम भरते, जे समुद्रातल्या प्रमाणाच्या पंधरा पट आहे. हा एका दिवसाच्या घासाचा हिशेब झाला. समुद्रात हे द्रव्य अथांग पाण्यात विरते आणि असंख्य तोंडे ते टिपून घेतात, पण टाकीला तशी वाट नसते. तेथे ते साचत जाते आणि साचलेल्या खतावर जे सर्वांत झपाट्याने वाढू शकते तेच, म्हणजे शेवाळ, पुढे सरसावते.

प्रवाळ काचपात्रात जगवण्याच्या पहिल्या नोंदलेल्या प्रयत्नांपैकी एक अ‍ॅना थिन या इंग्रज स्त्रीचा आहे. १८४६ मध्ये तिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही दगडी प्रवाळ लंडनला आणले. ते उष्ण समुद्रातले, खडक उभारणारे प्रवाळ नव्हते, तर थंड पाण्यातले एकांडे प्रवाळ होते. तरीही ते जगवणे सोपे नव्हते. प्रथम समुद्राचे पाणी वारंवार बदलले जाई, पुढे ते पाणी दररोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम घरातील मोलकरणीकडे आले आणि नंतर पात्रात समुद्री वनस्पतीही ठेवण्यात आल्या. हे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. शेवाळाच्या अतिरेकावर त्या वेळी कोणाकडे रासायनिक स्पष्टीकरण नव्हते, पण पाणी हलते ठेवावे आणि वनस्पती व प्राणी यांनी एकमेकांना सावरावे, हे सूत्र या प्रयोगातून हाती आले.

हेच सूत्र लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने गोड्या पाण्यात तपासले आणि १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्याच्या पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. वनस्पतीची मेलेली पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर धरला, तेव्हा त्याने पात्रात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके अवशेष आणि हिरवा थर खाऊन टाकला व पात्र पुन्हा निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांच्या जोडणीला पुढे ‘संतुलित मत्स्यालय’ हे नाव पडले. शेवाळ खाणारा जीव हा सजावटीचा भाग नसून व्यवस्थेचा आवश्यक घटक आहे, ही जाणीव येथे प्रथम स्पष्टपणे नोंदली गेली. आजही प्रवाळ-टाकीत शेवाळखाऊ शंख आणि सर्जन मासे सोडले जातात, त्यामागचे तर्कशास्त्र वॉरिंग्टनचेच आहे.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी केला. घरोघरी काचपात्रे आली. पण खिडकीत उन्हात ठेवलेली ही पात्रे अल्पावधीत हिरवीगार होऊन बाद होत. या अपयशावर सर्वांत विचारपूर्वक उपाय शोधला तो विल्यम अ‍ॅलफर्ड लॉइड याने. १८६४ मध्ये हँबर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला उभ्या राहिलेल्या मत्स्यालयांत त्याने प्रदर्शनाच्या टाक्यांखाली मोठे अंधारे हौद बांधवले आणि पंपाच्या साह्याने पाणी सतत हौदातून टाक्यांत व टाक्यांतून हौदात फिरते ठेवले. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि मोठ्या साठ्यात घाण पातळ होते, या दोन साध्या गोष्टींवर ही रचना उभी होती. १८७४ मध्ये खुले झालेले नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे मत्स्यालयही लॉइडच्या सल्ल्याने घडले. आजच्या प्रवाळ-टाकीखाली कपाटात जो दुय्यम हौद असतो, ज्याला हौशी मंडळी ‘संप’ म्हणतात, तो या अंधाऱ्या हौदाचाच वंशज मानावा लागेल. परंतु प्रकाश तोडून शेवाळ आवरण्याचा हा मार्ग खडक बांधणाऱ्या उष्णकटिबंधी प्रवाळांसाठी बंद होता, कारण त्यांच्या देहातील झूझँथेलीला प्रकाश हवाच असतो. प्रवाळाला लागणारा प्रकाश शेवाळालाही मिळणारच असेल, तर लगाम अन्यत्र घालावा लागणार होता.

तो लगाम कोठे आहे हे समजण्यासाठी पाण्यातले अदृश्य खत मोजता येणे आवश्यक होते. १९२३ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. जी. अ‍ॅटकिन्स याने समुद्राच्या पाण्यातील फॉस्फेट मोजले आणि वसंत ऋतूत सूक्ष्म शैवालाचा बहर आला की ते घटत जाते, असे दाखवून दिले. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग याच्या नेतृत्वाखालील ग्रेट बॅरिअर रीफ मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील लो आइल्स या बेटांवर वर्षभर राहिली. तेथील पाण्यात पोषणद्रव्ये किती अल्प आहेत याच्या नोंदी या मोहिमेने केल्या, आणि झूझँथेली असलेले प्रवाळ भोवतीच्या पाण्यातले फॉस्फेट शोषून घेतात, हेही यंग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसले. १९३४ मध्ये अमेरिकन संशोधक अल्फ्रेड रेडफील्ड याने समुद्रातील तरंगत्या सूक्ष्मजीवांत नत्र व स्फुरद यांचे अणू साधारणपणे ठराविक प्रमाणात आढळतात, असा नियम मांडला; हे प्रमाण पुढे १६:१ मानले गेले. १९६२ मध्ये मर्फी आणि रायली यांनी एकाच द्रावणाने फॉस्फेट मोजण्याची सुधारित रीत प्रसिद्ध केली. तीत मोलिब्डेटशी संयोग पावलेले फॉस्फेट निळा रंग देते आणि निळाईच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण ठरते. हौशी पालक आज ज्या संचाने घरी चाचणी करतो, त्या संचातील निळा रंग याच रासायनिक क्रियेचा आहे.

मापनाची ही साधने प्रयोगशाळांत स्थिरावत असताना घरगुती खाऱ्या टाक्यांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. विसाव्या शतकाच्या मध्यात जगभर सार्वजनिक मत्स्यालयांना बहर आला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि अनेक मराठी कुटुंबांना खाऱ्या पाण्यातील माशांचे पहिले दर्शन तेथेच घडले. घरच्या टाक्यांत मुख्य चिंता मासे जगवण्याची होती, आणि माशांना मारणारा पहिला शत्रू त्यांच्याच उत्सर्गातला अमोनिया होता. वाळूच्या थरातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे स्टीफन स्पॉट याने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून मत्स्यपालकांना पद्धतशीर समजावले. या व्यवस्थेत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही साचत. मासे ते सहन करत, पण प्रवाळ आणि निवळ खडक यांची आशा त्यात फारशी उरत नसे. याला एक लक्षणीय अपवाद इंडोनेशियातील ली चिन एंग याचा होता. त्याने १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली नैसर्गिक पद्धत वर्णिली : समुद्रातून आणलेले जीवांनी भरलेले खडक, ज्यांना पुढे ‘जिवंत खडक’ हे नाव मिळाले, स्वच्छ समुद्राचे पाणी, भरपूर प्रकाश आणि हवेच्या बुडबुड्यांनी दिलेली हालचाल. गाळणीचे काम खडकातील जीवांवर सोपवण्याची ही कल्पना बराच काळ दुर्लक्षित राहिली आणि दोन दशकांनी तिला न्याय मिळाला.

तो न्याय जर्मनीत मिळाला. १९६० च्या दशकापासून तेथे फेस-गाळणीचा, म्हणजे आज ‘प्रोटीन स्किमर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाचा विकास होत होता. बारीक बुडबुड्यांच्या स्तंभातून खारे पाणी सोडले की प्रथिनांसारखे सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि पेल्यात गोळा होतात. कुजून त्यांचे नायट्रेट व फॉस्फेट बनण्याआधीच ते टाकीबाहेर जातात, हे या उपकरणाचे मोठेपण. १९७३ मध्ये पीटर विल्केन्स याने आपल्या ग्रंथात प्रवाळांसाठी चुन्याच्या निवळीचा वापर सुचवला. चुन्याची निवळी मराठी माणसाला अपरिचित नाही. विरलेला चुना पाण्यात ढवळून, तळाशी बसू देऊन वरचे जे स्वच्छ पाणी घेतात, तीच ही निवळी. प्रवाळाला सांगाडा बांधण्यासाठी लागणारे कॅल्शियम तिच्यातून मिळते, आणि तिच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे पाण्यातील थोडे फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साक्याच्या रूपाने वेगळे होते, असे तिचे दुहेरी काम सांगितले जाते. जिवंत खडक, जोरकस फेस-गाळणी, चुन्याची निवळी आणि प्रखर दिवे यांच्या मेळातून बर्लिनमधील हौशी पालकांनी जी रीत सिद्ध केली ती ‘बर्लिन पद्धत’ या नावाने प्रसिद्ध झाली. डीट्रिश श्ट्यूबर याने तीत वाढवलेल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्या पालकांत हातोहात वाटल्या गेल्या.

प्रवाळासाठी फॉस्फेट घातक का, याचे एक कारण शेवाळापलीकडचे होते. १९६४ मध्ये केनेथ सिमकिस याने फॉस्फेट हे चुन्याच्या स्फटिकांचे विष आहे, असे प्रतिपादन केले. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढत असताना त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट बसले, तर पुढचा थर नीट चढत नाही. १९७९ मध्ये किन्सी आणि डेव्हिस यांनी ऑस्ट्रेलियातील वन ट्री आयलंडच्या प्रवाळखडकावर नत्र व फॉस्फेट मिसळून केलेल्या दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : खडकाची चुना बांधण्याची गती निम्म्याहून अधिक घटली होती. यामुळे फॉस्फेटवर दोन आरोप निश्चित झाले : ते प्रवाळाच्या प्रतिस्पर्ध्याला पोसते आणि प्रवाळाची बांधणीही मंदावते.

याच काळात गोड्या पाण्याच्या शास्त्रानेही फॉस्फरसकडे बोट दाखवले होते. १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एका सरोवराचे मध्ये पडदा घालून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीने फॉस्फरसही सोडला. फॉस्फरस मिळालेला भाग निळ्या-हिरव्या शेवाळाने झाकून गेला आणि दुसरा निवळ राहिला. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात सांडपाण्यामुळे प्रवाळांवर फुगीर हिरव्या शेवाळाचा थर चढला होता. १९७७-७८ मध्ये सांडपाणी अन्यत्र वळवल्यावर तो ओसरू लागला. परंतु सर्व पुरावा एकाच बाजूने बोलत नव्हता. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील लांब काट्यांचे सागरी अर्चिन, जे खडकावरचे शेवाळ चरून साफ ठेवत, एका रोगाने जवळजवळ नामशेष झाले. जमैकात मासेमारीने शेवाळखाऊ मासे आधीच कमी झाले होते, चक्रीवादळांनी प्रवाळ मोडले होते. त्यात अर्चिन गेल्याने प्रवाळांचे आच्छादन सुमारे ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांखाली आले आणि शेवाळाचे ४ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले. खत वाढले म्हणून शेवाळ माजते, की चरणारे गेले म्हणून, या वादाला येथून धार आली. टाकीच्या पालकाच्या दृष्टीने दोन्ही पक्ष खरे आहेत, कारण त्याच्याकडे खतही अधिक असते आणि चरणारेही मोजकेच असतात.

१९८६ मध्ये जॉर्ज स्मिट याच्या लेखमालेमुळे अमेरिकेत घरगुती प्रवाळ-टाकीची लाट आली. त्याने सांगितलेल्या ठिबक-गाळणीत पाणी प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरून हवेत झिरपत खाली येई आणि अमोनियाचे नायट्रेट अतिशय वेगाने होई. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पाण्यातच राहत, म्हणून अनेक टाक्या वर्षाच्या आत शेवाळाने व्यापल्या. फ्रान्समधील जाँ जोबेर याने नेमक्या उलट दिशेने जाऊन जाड वाळूचा थर आणि त्याखाली पाण्याची पोकळी अशी रचना केली, ज्यात प्राणवायू कमी असलेल्या खोल थरातील जिवाणू नायट्रेटचे वायुरूप नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. नत्राला अशी आकाशात जाण्याची वाट आहे, पण फॉस्फरसला वायुरूप वाट नाही; तो एकतर कोणाच्या तरी देहात, एकतर खडकात, नाहीतर पाण्यात असतो आणि हाताने बाहेर काढल्याशिवाय टाकी सोडत नाही. पुढील चाळीस वर्षांतील सर्व उपाय या एका वस्तुस्थितीभोवती फिरतात.

शेवाळालाच कामाला लावण्याचा मार्ग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी याने दाखवला. प्रखर दिव्याखाली जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवायचे, लाटेसारखे पाणी त्यावर सोडायचे आणि वाढलेले पीक ठराविक दिवसांनी खरवडून फेकायचे, म्हणजे त्याने शोषलेले फॉस्फेट त्याच्याबरोबर बाहेर जाते. या तत्त्वावरील प्रवाळ-टाकी १९८० मध्ये तेथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली, आणि हीच पद्धत १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सविल येथील विशाल प्रवाळ-मत्स्यालयात व १९९१ मध्ये अ‍ॅरिझोनातील बायोस्फीअर-२ च्या कृत्रिम समुद्रात वापरली गेली. पुढे घरगुती पालकांनी संपमध्ये शैवालाची स्वतंत्र कोठडी करून तेच तत्त्व स्वीकारले. या वाटेवर एक गंभीर धडाही मिळाला. शोभेसाठी आणि पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी टाक्यांत वाढवले जाणारे काउलेर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात सुमारे एक चौरस मीटर जागेत आढळले. अलेक्झांडर मेनेझ याने दिलेल्या इशाऱ्यांकडे वेळीच लक्ष गेले नाही आणि ते भूमध्य समुद्रात फ्रान्स, इटली, स्पेन व क्रोएशियाच्या किनाऱ्यांवर पसरले. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियात दिसले, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारण्यात आले आणि २००६ मध्ये त्याचे निर्मूलन जाहीर झाले. टाकीतले शैवाल कधीही समुद्रात किंवा गटारात टाकू नये, हा नियम या अनुभवाने लिहून दिला.

१९९० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी दाणेदार लोह-हायड्रॉक्साइड विकसित झाले. आर्सेनिक आणि फॉस्फेट यांचे रासायनिक वर्तन परस्परांशी मिळतेजुळते असल्यामुळे हे गंजाच्या रंगाचे दाणे फॉस्फेटही आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. २००० नंतर हे दाणे प्रवाळ-टाक्यांत सर्रास वापरात आले. त्याआधी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे वापरले जात, आणि पोहण्याच्या तलावांतून लँथॅनम क्लोराइड हे द्रावणही टाक्यांत आले, जे फॉस्फेटला अविद्राव्य साक्यात बदलते. याच सुमारास जर्मन पालकांनी अल्प प्रमाणात व्होडका टाकून जिवाणूंना कार्बन पुरवण्याची रीत रूढ केली : जिवाणू झपाट्याने वाढताना पाण्यातील नत्र व स्फुरद आत घेतात आणि फेस-गाळणी त्या जिवाणूंसह ते बाहेर काढते. यात मात्रा चुकली, तर जिवाणूंच्या अतिवाढीने प्राणवायू घटून टाकी एका रात्रीत मरू शकते. शिवाय दाण्यांनी पाणी स्वच्छ झाले तरी शेवाळ लगेच हटत नाही, कारण वर्षानुवर्षे चुनखडीच्या खडकात मुरलेले फॉस्फेट पाणी निवळ होताच हळूहळू बाहेर येते. जुनी ठेव संपेपर्यंत धीर धरावा लागतो.

या साधनांनी फॉस्फेट शून्याजवळ नेणे प्रथमच सर्वांना शक्य झाले आणि त्याच क्षणी नवा प्रश्न उभा राहिला. प्रवाळ फिके पडू लागले, कडांपासून त्यांची त्वचा सुटू लागली, आणि अनेक टाक्यांत हिरव्या शेवाळाची जागा डायनोफ्लॅजेलेट या तपकिरी, बुडबुडे धरणाऱ्या चिकट सूक्ष्मजीवांनी घेतली, ज्यांच्या काही जातींचे विष त्यांना खाणाऱ्या शंखांना मारते. वस्तुतः होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयातील अनुभवाने आधीच सावध केले होते : अ‍ॅटकिन्सन, कार्लसन आणि क्रो यांनी १९९५ मध्ये दाखवले, की खडकाभोवतीच्या समुद्रापेक्षा पोषणद्रव्ये कितीतरी अधिक असलेल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यातही तेथील प्रवाळ उत्तम वाढत होते. २०१३ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातील यॉर्ग विडेनमान आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू उघड केली. नायट्रेट अधिक आणि फॉस्फेट अपुरे, अशा पाण्यात झूझँथेलीच्या पेशींची आवरणे फॉस्फरसअभावी सदोष बनतात, आणि उष्णता व प्रखर प्रकाशाच्या ताणाखाली प्रवाळ अधिक सहज विरंजित होतो, म्हणजे आपले शैवाल गमावून पांढरा पडतो. फॉस्फेटचा अतिरेक जसा घातक, तसा त्याचा अभावही घातक, आणि नत्राशी त्याचे प्रमाण बिघडणेही घातक, असा निर्णय आता प्रयोगांनी दिला आहे.

आजच्या जाणकार पालकाची रीत या साऱ्या इतिहासाचे सार आहे. तो फॉस्फेट नियमित मोजतो आणि साधारण ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर या पट्ट्यात ते स्थिर ठेवतो. खाद्य मोजून देतो, गोठवलेल्या खाद्याचे पाणी निथळून घेतो आणि क्षार मिसळण्यासाठी नळाचे पाणी जसेच्या तसे न वापरता शुद्ध केलेले पाणी घेतो. शंख आणि सर्जन मासे यांना चरू देतो, शैवालाची कोठडी वेळेवर छाटतो, आणि लोहाचे दाणे थोड्या मात्रेत, हळूहळू वापरतो, कारण अचानक झालेली घट प्रवाळाला सहन होत नाही. वॉरिंग्टनची गोगलगाय, लॉइडचा हौद, विल्केन्सची निवळी आणि एडीची जाळी ही एकमेकांच्या विरोधातली मते नसून एकाच कामाचे वेगवेगळे हात आहेत, हे ध्यानात ठेवणारी टाकी टिकते.

महाराष्ट्राच्या वाचकाला या इतिहासाचा अर्थ काचेपलीकडेही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळसृष्टी आहे. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या समुद्रातून ते काढून टाकीत ठेवणे गुन्हा आहे. परंतु कायदा प्रवाळाला हातापासून वाचवतो; किनाऱ्यावरील वसाहती, उपाहारगृहे आणि शेते यांतून वाहत येणाऱ्या नत्र-स्फुरदापासून तो आपोआप वाचवत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत एक ग्रॅम खाद्याने काय होते, हे ज्याने मोजले आहे, त्याला किनाऱ्यावर सोडलेल्या सांडपाण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फॉस्फेट पाण्यात मिसळण्यापूर्वी अडवणे सोपे असते आणि मिसळल्यावर काढणे कठीण. टाकीला लागू असलेला हा नियम मालवणच्या समुद्रालाही लागू आहे.